समीकरण सुटते, पण उत्तर चुकते: शाब्दिक उदाहरणातली गडबड कशी शोधायची

तक्रार नेहमीची आहे. दोन समीकरणे तयार लिहून दिली तर मूल ती लोप पद्धतीने सोडवते, क्रेमरच्या पद्धतीने निश्चयक काढते, कुठे अडत नाही. तीच समीकरणे नाणी, वय, नदीतली नाव, दोन अंकी संख्या अशा वेषात आली की पेन थांबते. किंवा थांबत नाही, आणि आईचे वय शून्य वर्षे येते. दहावीच्या गणित भाग १ मधली पहिली दोन प्रकरणे, दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे. यांतली शाब्दिक उदाहरणे ऑप्शनला टाकण्याची सवय इथूनच लागते.

अशा वेळी 'अजून सराव कर' एवढे सांगून भागत नाही. चुकीच्या रीतीचाही सरावच होतो आणि ती पक्की बसते. चूक बहुतेक वेळा समीकरण लिहिण्याआधीच्या दोन ओळींत असते. चुकीचे उत्तर नीट पाहिले तर ती कुठली चूक आहे हे त्यावरूनच कळते. म्हणून इथे लक्षण आधी, कारण नंतर. वहीत तुम्ही इंग्रजी अक्षरे वापरत असाल. इथे क्ष आणि य घेतले आहेत, गणितात काही फरक पडत नाही.

लक्षण: ० = ३०० असे काहीतरी येते

एका डब्यात ५ रुपयांची आणि १० रुपयांची मिळून ५० नाणी आहेत. एकूण रक्कम ३५० रुपये. प्रत्येक प्रकारची नाणी किती?

वहीत पुष्कळदा हे दिसते:

मानू, ५ रुपयांची नाणी = क्ष, १० रुपयांची नाणी = य
क्ष + य = ५०
क्ष + य = ३५०

वजाबाकी केली की ० = ३००. दोन्ही समीकरणांची डावी बाजू तीच आणि उजवी वेगळी असेल, तर एकच अक्षर दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरले गेले आहे. पहिल्या समीकरणात क्ष म्हणजे नाण्यांची संख्या होती, दुसऱ्यात त्याचे रुपये झाले. मूळ दोष वरच्या ओळीत आहे. '५ रुपयांची नाणी = क्ष' यात क्ष म्हणजे किती नग की किती रुपये, हे ठरलेलेच नाही.

दुरुस्त ओळ अशी: 'मानू, ५ रुपयांच्या नाण्यांची संख्या क्ष आणि १० रुपयांच्या नाण्यांची संख्या य आहे.' तिच्याखाली लगेच: '५ रुपयांच्या नाण्यांची रक्कम ५क्ष रुपये, १० रुपयांच्या नाण्यांची रक्कम १०य रुपये.' आता क्ष + य = ५० हे नगांचे समीकरण झाले आणि ५क्ष + १०य = ३५० हे रुपयांचे. दुसऱ्याला ५ ने भागा, क्ष + २य = ७०. वजाबाकीने य = २०, म्हणून क्ष = ३०. ताळा: १५० + २०० = ३५०.

'मानू'च्या ओळीत संख्या, किंमत, वय, वेग, लांबी असे मोजता येणारे नाम हवेच, आणि त्याचे एककही हवे. 'मानू, पेन = क्ष' असे लिहिले तर क्ष म्हणजे वस्तू होते. 'मानू, एका पेनची किंमत क्ष रुपये' असे लिहिले तर ती राशी होते. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात अव्यक्त, म्हणजे माहीत नसलेल्या राशीला 'यावत्तावत्' म्हटले आहे, म्हणजे जेवढे असेल तेवढे. आणखी अव्यक्ते लागली की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. चलाच्या पहिल्या नावातच 'किती' हा प्रश्न बसवलेला आहे, आणि 'मानू'च्या ओळीने नेमके त्याचेच उत्तर द्यायचे असते.

लक्षण: समीकरण उलटे मांडले जाते

ही सर्वांत मोठी अडचण आहे आणि ती मराठी वाक्याच्या घडणीतून येते. मराठीत क्रियापद शेवटी असते. 'आंब्यांची संख्या चिकूंच्या संख्येच्या दुपटीपेक्षा ७ ने कमी आहे' या वाक्यात बरोबरचे चिन्ह 'आहे'पाशी, म्हणजे अगदी टोकाला आहे. वजाचे चिन्ह त्याच्या जरा आधी, 'कमी'त. शब्द येतील तशी चिन्हे उतरवत गेले तर क्ष, २य, ७, वजा, बरोबर अशी रांग हाती लागते. मग ती अंदाजाने जुळवली जाते: क्ष = ७ − २य, नाहीतर २य = क्ष − ७. दोन्ही चूक.

वाक्य वाचून झाले की आधी एकच विचारा: काय, कशाइतके आहे? एका बाजूला आंब्यांची संख्या. दुसऱ्या बाजूला चिकूंच्या संख्येची दुप्पट, आणि तिच्यातून ७ काढलेले. क्ष = २य − ७. मग आकडा घालून पाहा. चिकू २० धरले तर दुप्पट ४०, आंबे ३३. सूत्रात २ × २० − ७ = ३३, जमले. हा पडताळा दहा सेकंदांचा आहे आणि समीकरण सोडवण्याच्या आधीच करायचा. फळे एकूण ८० असतील तर ३य − ७ = ८०, य = २९, क्ष = ५१.

क्रिया कोणती आणि कोणत्या क्रमाने, हे मराठीत प्रत्यय सांगतात. ते अधोरेखित करायची सवय लावा.

'मधून' ज्याला लागले ते आधी लिहायचे. 'क्ष मधून ४ वजा केले' म्हणजे क्ष − ४, पण '४ मधून क्ष वजा केला' म्हणजे ४ − क्ष.

भागाकारात 'ला' वर, 'ने' खाली. 'क्ष ला ३ ने भागले' म्हणजे क्ष/३, '३ ला क्ष ने भागले' म्हणजे ३/क्ष.

'पेक्षा' ज्याला लागले त्याच्यातच मिळवायचे किंवा त्याच्यातूनच वजा करायचे. जे मोठे असल्याचे सांगितले, त्यात मिळवायचे नाही. 'दादाचे वय ताईच्या वयापेक्षा ४ ने जास्त' यात ४ ताईच्या वयात मिळवल्यावर दादाचे वय येते.

कंसासाठी कोणती क्रिया आधी पूर्ण होते ते बघा. 'संख्येच्या तिपटीत ५ मिळवले' म्हणजे ३क्ष + ५. 'संख्येत ५ मिळवून येणाऱ्या बेरजेची तिप्पट' म्हणजे ३(क्ष + ५). 'बेरजेची', 'वजाबाकीच्या', 'येणाऱ्या' असे शब्द दिसले की कंस टाकूनच पुढे जा.

पटींची मराठी नावे आता अनेक मुलांच्या कानावर पडत नाहीत, पण उदाहरणांत येतात. पाऊणपट ३/४, सव्वापट ५/४, दीडपट ३/२, पावणेदोनपट ७/४, अडीचपट ५/२, साडेतीनपट ७/२. दशांशापेक्षा अपूर्णांकात लिहा, छेद काढून टाकणे सोपे जाते. '३ ने जास्त' ही बेरीज आहे, 'तिप्पट' हा गुणाकार आहे, आणि '३० टक्क्यांनी जास्त' म्हणजे क्ष + ३०क्ष/१००. क्ष + ३० नव्हे.

उलट्या मांडणीचा अभ्यासही झाला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या संख्येच्या सहापट आहे' एवढेच वाक्य समीकरणात लिहायला दिले होते. ३७ टक्के जणांचे चुकले, आणि नेहमीची चूक म्हणजे ६ हा आकडा विद्यार्थ्यांच्या अक्षराला लावणे. मोठा गट विद्यार्थ्यांचा, म्हणून मोठा आकडाही त्यांच्याजवळ, असे मन करते. प्राध्यापक १० आणि विद्यार्थी ६० धरून पाहिले तर ६ × ६० = १० खोटे आहे हे तिथल्या तिथे दिसते. दहावीच्या मुलाची ही चूक म्हणजे ढिलाई आहे असे समजून त्याला बोलू नये.

लक्षण: वय ऋण किंवा शून्य येते

आईचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल. दोघींची आजची वये काढा. मुलीचे आजचे वय क्ष वर्षे, आईचे ३क्ष वर्षे.

उत्तर −१२ आले असेल तर तुम्ही ३क्ष + १२ = २क्ष लिहिले आहे. आई बारा वर्षांनी मोठी झाली, मुलगी होती तिथेच राहिली. उत्तर ० आले असेल तर ३क्ष + १२ = २क्ष + १२ लिहिले आहे. दोघींची वये वाढवली हे बरोबर, पण दुप्पट करताना कंस राहिला. बरोबर समीकरण ३क्ष + १२ = २(क्ष + १२), क्ष = १२. मुलगी १२, आई ३६. बारा वर्षांनी २४ आणि ४८.

वयाच्या उदाहरणात चार खाने काढल्याशिवाय समीकरणाकडे वळूच नये:

आज: मुलगी क्ष, आई ३क्ष
१२ वर्षांनंतर: मुलगी क्ष + १२, आई ३क्ष + १२

'पूर्वी' असेल तर दोन्ही खान्यांतून वजाबाकी. दोघींच्या वयांतला फरक कधी बदलत नाही. इथे तो आज २४ आहे आणि नंतरही २४ च. फरक बदलला असेल तर एक खाना चुकला.

लक्षण: ० = ० येते

आयताची परिमिती ३६ सेमी आहे म्हणून २(क्ष + य) = ३६ लिहिले, आणि त्याच वाक्यावरून क्ष + य = १८ हे दुसरे समीकरण म्हणून लिहिले. सोडवले की सगळे कटून जाते. एकच अट दोनदा लिहिली गेली, दुसरी वाचायचीच राहिली. प्रश्नात परत जा. बहुधा लांबी-रुंदीचा संबंध सांगणारे एक वाक्य तसेच पडून आहे.

दोन अंकी संख्यांत हाच सापळा जरा लपलेला असतो. दशकस्थानचा अंक क्ष, एककस्थानचा य, तर संख्या १०क्ष + य. अदलाबदल केल्यावर १०य + क्ष. दोन्हींची बेरीज ११(क्ष + य). म्हणजे 'दोन्ही संख्यांची बेरीज ९९ आहे' आणि 'अंकांची बेरीज ९ आहे' या दोन अटी नाहीत, एकच आहे. उलट दोन्हींतला फरक ९(य − क्ष), म्हणून तो नेहमी ९ च्या पटीतच हवा. 'अंकांची बेरीज ९ आणि अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते' असे असेल तर य − क्ष = ३, य = ६, क्ष = ३, संख्या ३६. अदलाबदल केल्यावर ६३, आणि ३६ + २७ = ६३.

इथे आणखी दोन चुका होतात. एक, संख्या 'क्षय' अशी जोडून लिहिणे, जो बीजगणितात गुणाकार होतो. दुसरी आपल्या भाषेची देणगी आहे. छत्तीस म्हणताना आपण सहा आधी आणि तीस नंतर उच्चारतो, लिहिताना मात्र ३ आधी येतो. त्यामुळे मुले एकक आधी मानतात आणि १० त्यालाच लावतात. उपाय साधा: वहीत दशक आणि एकक असे दोन चौकोन काढून अक्षरे त्यांत लिहायची, मग १० कोणाला लावायचा हे डोळ्यांनीच कळते.

लक्षण: मूळ निघतच नाही, किंवा विचित्र निघते

वेग, वेळ आणि अंतराच्या वर्गसमीकरणात हे होते. एका गाडीने ९० किमी अंतर कापले. वेग ताशी १५ किमीने कमी असता तर ३० मिनिटे जास्त लागली असती. तर वेग किती?

मूळ वेग ताशी क्ष किमी. वेळ = अंतर/वेग. कमी वेगाने लागणारा वेळ ९०/(क्ष − १५) तास, मूळ वेळ ९०/क्ष तास. फरक अर्धा तास:

९०/(क्ष − १५) − ९०/क्ष = १/२
क्ष² − १५क्ष − २७०० = ०
(क्ष − ६०)(क्ष + ४५) = ०

वेग ताशी ६० किमी. ताळा: ९० किमीला दीड तास, ताशी ४५ किमीने दोन तास. फरक अर्ध्या तासाचा.

आता चुका बघा. विवेचक (वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली येणारी राशी) ऋण आला, म्हणजे क्ष² − १५क्ष + २७०० = ० असे समीकरण हातात असेल, तर तुम्ही वजाबाकी उलटी केली आहे. ९०/क्ष मधून ९०/(क्ष − १५) वजा केले. वेग कमी म्हणजे छेद लहान, छेद लहान म्हणजे वेळ मोठा, आणि मोठ्यातून लहान वजा करायचे. 'कमी' शब्द दिसला म्हणून त्या बाजूची राशीही लहान असेल असे वाटते, तिथे गफलत होते.

विवेचक ४०५ आला आणि वर्गमूळ सुटेना, तर उजव्या बाजूला १/२ ऐवजी ३० लिहिले आहे. वेग ताशी असेल तर वेळ तासांतच हवा: २० मिनिटे १/३ तास, ४५ मिनिटे ३/४ तास, १ तास ३० मिनिटे ३/२ तास. क्रमिक पुस्तकाच्या उदाहरणात वर्गमूळ काटेकोर निघत नसेल तर पहिला संशय एककांवर घ्यावा. सूत्रे परत पाठ करत बसू नये.

नावेच्या उदाहरणात प्रवाहाचा वेग य मानला तर नावेचा वेग प्रवाहाच्या दिशेने क्ष + य, विरुद्ध क्ष − य. नावेचा संथ पाण्यातला वेग क्ष मानलात तर क्ष हा य पेक्षा मोठा हवा, नाहीतर प्रवाहाविरुद्ध नाव पुढे जाणारच नाही. उत्तर उलटे आले असेल तर 'मानू'ची ओळ पुन्हा वाचा.

ऋण मूळ खोडण्याआधी

वेगात −४५ सोडून देणे योग्य आहे, कारण वेग ऋण नसतो. पण प्रत्येक ऋण मूळ डोळे मिटून खोडण्याची सवय घातक आहे. 'एक संख्या आणि तिचा वर्ग यांची बेरीज ५६ आहे' यात क्ष² + क्ष − ५६ = ०, मुळे ७ आणि −८. ६४ − ८ = ५६, म्हणजे −८ हेही उत्तर आहे. प्रश्नात 'नैसर्गिक संख्या' असा शब्द असेल तरच ते सोडायचे. सोडताना कारण एका ओळीत लिहावे: 'वेग ऋण नसतो म्हणून क्ष = −४५ ग्राह्य नाही.'

आणि ताळा मूळ वाक्यांत घालून करा, आपल्या समीकरणात नाही. चुकीच्या समीकरणाचे उत्तर त्याच समीकरणात घातले तर बरोबरच ठरणार.

चल कोणते मानायचे

जे विचारले तेच क्ष मानावे असा नियम नाही. भास्कराचार्यांच्याच 'लीलावती' या ग्रंथात (इ. स. ११५०) भुंग्यांचे उदाहरण आहे: थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि एक भुंगा व एक भुंगी राहिली. थवा क्ष मानला तर √(क्ष/२) घेऊन बसावे लागते. थवा २क्ष² मानला तर वर्गमूळ सरळ क्ष होते: क्ष + १६क्ष²/९ + २ = २क्ष², म्हणजे २क्ष² − ९क्ष − १८ = ०, क्ष = ६, थवा ७२. ताळा: ६ + ६४ + २ = ७२. शेवटी क्ष = ६ हेच उत्तर म्हणून लिहून थांबू नका, थवा विचारला आहे. ही चूक फार होते.

काहीच सुचत नसेल तर

एका कामगाराला हजर दिवसाचे ६०० रुपये मिळतात, गैरहजर दिवसाला १०० रुपये कापले जातात. ३० दिवसांनी हाती १५,२०० रुपये आले. तो किती दिवस हजर होता?

अक्षर बाजूला ठेवा आणि २० दिवस असे धरून चला. उत्तर बरोबर यायला हवे असे नाही, रीत बघायची आहे.

हजेरीचे: ६०० × २०
गैरहजेरीचे: १०० × (३० − २०)
हाती: ६०० × २० − १०० × (३० − २०) = ११,०००

१५,२०० आले नाहीत, म्हणजे २० दिवस नाहीत. पण वरची ओळ नीट पाहा. ३० − २० चे १० करून टाकले नाही, तसेच ठेवले, म्हणून २० कुठे कुठे आला ते दिसते. तो दोन ठिकाणी आहे. दोन्हीकडे २० खोडून क्ष लिहा आणि उजवीकडे खरी रक्कम घाला:

६००क्ष − १००(३० − क्ष) = १५,२००
७००क्ष = १८,२००
क्ष = २६

हजर २६ दिवस, गैरहजर ४. मिळाले १५,६००, कापले ४००, हाती १५,२००.